दादाच्या नावाचा एक्स-रे

दादाच्या परदेशाच्या कागदांची सगळी धावपळ मी केली. घरात अर्ज भरता येणारा मी एकटाच होतो, म्हणून. दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, सहकारी साखर कारखान्यात हंगामी वेल्डर. मी येरमाळ्याजवळच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर. आमचं गाव माकणीच्या अंगाला. तेव्हा तो सगळा भाग उमरगा तालुक्यात होता आणि कुठलाही दाखला हवा असला की दोन एसट्या बदलून उमरग्याला जावं लागायचं.

बहात्तरच्या दुष्काळात दादा सातवीत होता आणि मी पाचवीत. वडील आदल्या वर्षी वारले होते. मायबरोबर अजून एकानं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचं होतं. दादाचं वय बसत नव्हतं, पण मुकादमानं उंची बघून त्याचं नाव लावलं. शाळा सुटली ती सुटलीच. त्यावरून घरात कधी बोलणं झालं नाही. मायनं विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, "ह्याला शिकू दी. ह्याचं अक्षर चांगलंय."

पुढं कारखान्याची उभारणी सुरू झाली तेव्हा तो वेल्डिंगच्या ठेकेदाराकडं हाताखाली लागला आणि बघून बघून शिकला. चार-पाच हंगामांत असं झालं की बॉयलरची नळी गळायला लागली की दादालाच बोलवायचे. पण हातात कागद नव्हता. कागद नाही म्हणून कायम करत नव्हते. गाळप संपलं की तो घरी.

ऐंशीनंतर एकदा लागोपाठ दोन वर्षं पाऊस धड पडला नाही. ऊसच नव्हता. कारखान्याची चिमणी संक्रांतीच्या आधीच बंद झाली. त्या मोकळ्या दिवसांत कारखान्यातल्या एका फिटरनं दादाला सांगितलं की मुंबईत एक एजंट आखातासाठी पाइपचे वेल्डर शोधतोय. तिथं तेलाचा एक मोठा कारखाना दुरुस्तीसाठी तीन महिने बंद ठेवणार होते. तेवढ्या कामापुरता नव्वद दिवसांचा व्हिसा. मुदत वाढणार नाही, काम संपलं की परत.

दादा शनिवारी माझ्या खोलीवर आला. म्हणाला, "कागदं काय काय लागतेत ते बघ बरं."

लागणारे कागद मी एका वहीच्या पानावर लिहून काढले. आधी पासपोर्ट. त्यासाठी जन्मतारखेचा पुरावा, रहिवासी दाखला, पोलिसांची चौकशी. मग एजंटाकडं कामाची परीक्षा. ती पास झाली तर तिकडच्या कंपनीचं पत्र. मग डॉक्टरी तपासणी: रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे. कॉलऱ्याची लस टोचल्याचं कार्ड. शिवाय दादा दहावी नव्हता, म्हणून सरकारच्या वेगळ्या कचेरीची परवानगी. हे सगळं जुळलं की व्हिसाचा शिक्का.

जन्मतारखेपासून अडलं. शाळेच्या रजिस्टरात दादाची तारीख एक जून. माझीही एक जून. आमच्या वस्तीतल्या सगळ्याच पोरांची गुरुजींनी एक जून लिहिली होती. ती चालली. वडिलांचं नाव चाललं नाही. शाळेत हाक मारायचं नाव लिहिलेलं, आणि छप्पन साली धम्म घेतल्यावर वडिलांनी कागदोपत्री जे नाव चालू केलं ते रेशनकार्डावर. दोन्ही माणसं एकच आहेत असं तहसीलदारापुढं लिहून द्यावं लागलं. मायनं अंगठा दिला. कारकुनानं विचारलं, "ह्या दोघांपैकी तुमचा नवरा कोणता?" त्याला विनोद करायचा होता. माय म्हणाली, "दोनी माझेच." त्यानं शिक्का उचलला.

चौकशीला जमादार आला तो सायकलीवर. वहिनीनं चहा केला. दादाविरुद्ध काही आहे का, असं त्यानं शेजारी दोन घरी विचारलं, आणि गेला. चार महिन्यांनी पासपोर्ट पोस्टानं आला. दादानं तो उघडून आपला फोटो बघितला आणि पुन्हा पाकिटात घातला. मग हात धुऊन येऊन परत काढला.

परीक्षेला मी त्याच्याबरोबर मुंबईला गेलो. एका पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डर रांगेनं बसवले होते. पाइप तिरपा बांधलेला, तो हलवायचा नाही, आपणच खालून-वरून-बाजूनं वाकून पूर्ण जोड फिरवायचा. झाल्यावर जोडाच्या पट्ट्या कापून यंत्रात वाकवून बघायचे. तडा गेला की नापास. बहुतेक नापास झाले. दादाच्या पट्ट्या घोड्याच्या नालासारख्या वाकल्या आणि कुठं केसभरही फाटलं नाही. तपासणाऱ्या माणसानं त्या दोनदा बघितल्या आणि विचारलं, "कुठल्या आयटीआयचा?"

"कुठल्याच न्हाय," दादा म्हणाला.

त्यांनी त्याला टाइप केलेला कागद दिला. त्यावर त्याचं पूर्ण नाव आणि 'उत्तीर्ण' ह्या अर्थाचा इंग्रजी शब्द. तो कुठं लिहिलाय ते मी बोट ठेवून दाखवलं. सोलापूरपर्यंतच्या गाडीत त्यानं तो कागद शर्टाच्या आत ठेवला होता आणि मधूनमधून हात लावून बघत होता. शाळा सुटल्यापासून पास झालेली त्याची ती पहिली परीक्षा.

एजंटानं निघताना एक सांगितलं होतं. मुंबईच्या तपासणीला यायच्या आधी गावाकडंच छातीचा एक फोटो काढून बघा. इथं नापास झालात तर तशी नोंद होते आणि मग कुठल्याच देशाचं काम मिळत नाही. म्हणून परतताना आम्ही सोलापूरला उतरलो आणि एका डॉक्टरांकडं गेलो. दादाला खोकला होता. पण वेल्डिंगच्या धुरात काम करणाऱ्या सगळ्यांनाच असतो, असं आम्ही धरून चाललो होतो.

डॉक्टरांनी ओली फिल्म खिडकीला धरली. उजव्या बाजूला वर एक पांढरट ढग होता. मलासुद्धा दिसला.

"संध्याकाळी अंग गरम होतं का?" त्यांनी विचारलं.

"व्हतं थोडं."

"वजन?"

दादानं खांदे उडवले. डॉक्टर चांगले होते. त्यांनी बसवून समजावलं. क्षय आहे, पण आता ह्याला औषध आहे. आधी रोज इंजेक्शन, मग गोळ्या, दीड वर्ष. न चुकता घेतलं तर पूर्ण बरा होतो. उस्मानाबादच्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळेल. परदेशाचं मात्र आता नाही.

"तीन महिन्यांनी चालू केलं तर?" दादानं विचारलं.

"तीन महिने तू थांबशील. तो थांबणार नाही," डॉक्टर म्हणाले आणि औषधाची चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली.

आम्ही स्टँडवर आलो. उमरग्याच्या गाडीला वेळ होता. दादानं दोन चहा सांगितले. बराच वेळ तो समोरच्या फलाटावरच्या गाड्यांच्या पाट्या बघत होता. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "रक्त माझं चांगलंय. लघवी चांगली हाय. निस्ती छातीच."

मी चहा फुंकला.

"तुझी छाती दी. एक डाव."

मला लगेच कळलं. आम्ही दिसायला सारखे होतो. उंची सारखी, नाक सारखं. मला मिशी होती, त्याला नव्हती. तेवढाच फरक.

"दादा, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना?"

"ऐकलं की. तीन महिन्यांचा तर सवाल हाय. आलो की दुसऱ्या दिवशी सुई टोचून घेतो. तुझ्या गळ्याची आण."

नाही म्हणायचं, असं मी मनात ठरवलं होतं. तोंडातून "बरं" आलं. का आलं, ह्याचा मी पुढं खूप विचार केला. खडी, शाळा, अक्षर, हे सगळं होतंच. पण त्या क्षणी ह्यातलं काही आठवलं नव्हतं. त्यानं मागितलं आणि मी दिलं, एवढंच झालं. कपातला चहा संपवून आम्ही गाडीत बसलो.

तपासणीच्या दिवशी सकाळी मी मिशी काढली. मुंबईतला तो दवाखाना एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होता. माणसं जिन्यापर्यंत उभी. रक्त एका खोलीत घेत होते, एक्स-रे दुसऱ्या खोलीत, आणि दोन्हींकडं वेगवेगळी माणसं. रक्त दादानं दिलं. मग त्यानं चिठ्ठी माझ्याकडं दिली. चिठ्ठीला त्याचा फोटो टाचलेला होता. तो खाली रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

दादाच्या नावाचा पुकारा झाला. मी उठलो. आतल्या माणसानं फोटोकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाला, "शर्ट काढा." मी शर्ट काढला. "हनुवटी वर. खांदे पुढं. श्वास घ्या. धरा." लोखंडी पाटी गार होती. मी श्वास धरला. यंत्र वाजलं. "सोडा." बाहेर पुढच्याचं नाव पुकारलं गेलं.

दोन दिवसांनी कागद मिळाला. दादा कामास योग्य. फिल्म एका मोठ्या खाकी पाकिटात घालून दिली आणि सांगितलं की ही बरोबर न्यायची, तिकडं फाइलला लागते.

व्हिसाला सात आठवडे लागले. त्या सात आठवड्यांत औषध सुरू करता आलं असतं. सरकारी दवाखान्यात नाव लागलं असतं, मग दवाखान्याचा माणूस घरी चौकशीला आला असता, मग गावभर झालं असतं. म्हणून दादा नको म्हणाला. उमरग्याच्या दुकानातून माझ्या नावानं गोळ्या आणता आल्या असत्या. चिठ्ठी माझ्या पाकिटात होती. मी दुकानाच्या समोरून दोन वेळा गेलो. आत गेलो नाही. वहिनीला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. ती रात्रीच्या खोकल्याला हळद-गूळ करून द्यायची. त्यांची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती आणि दादाजवळच झोपायची. हेही मला दिसत होतं.

एजंटाची तार आली. दादाला निरोप द्यायला कारखान्यातली पाच-सहा माणसं स्टँडवर आली होती. कुणीतरी हार आणला होता. वहिनी म्हणाली, "पोचल्यावर लगेच पत्र टाका." दादा म्हणाला, "व्हय व्हय." मुलगी कडेवर होती, तिला बस आवडली. खाकी पाकीट दुमडू नये म्हणून त्यानं ते हातातच धरलं होतं.

पत्रं तीन आली. ती तो दुसऱ्याकडून लिहून घेत नव्हता. स्वतः लिहायचा, मोठ्या मोठ्या अक्षरात. पहिल्यात होतं की पाइप एवढे मोठे आहेत की आत माणूस उभा राहतो. एका खोलीत आठ जण झोपतो. शेजारच्या खाटेवर केरळचा एक फिटर आहे, तो सकाळी ह्याच्यासाठी पण काळा चहा करतो. दुसऱ्यात होतं की साहेबानं जोडांचे फोटो काढले. पाइपच्या आतलं बघायचे फोटो तिकडं असतात. सगळे पास. तिसऱ्यात फक्त सगळे बरे आहात ना, असं विचारलं होतं. अक्षर तिरकं झालं होतं.

तो गेल्यावर सातव्या आठवड्यात कारखान्याच्या ऑफिसात मुंबईहून फोन आला. दादा तिकडं दवाखान्यात आहे आणि त्याला परत पाठवतायत. मी रजा टाकून विमानतळावर गेलो. दारातून माणसं ढकलगाड्या घेऊन बाहेर येत होती, त्यात तो मला आधी ओळखूच आला नाही. त्यानं उन्हाळ्यात घोंगडी पांघरली होती. पिशवी केरळच्या फिटरनं उचललेली. तो माणूस आपलं काम अर्धं सोडून त्याला सोबत म्हणून आला होता.

दादा मला बघून पहिलं बोलला ते हे, "एक बी जोड कापावा लागला न्हाय. सगळे पास."

बाकीचं फिटरनं मला हिंदीत सांगितलं. काम करताना तोंडावरच्या फडक्यात रक्त आलं. दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी नवा एक्स-रे काढला आणि फाइलमधला जुना मागवला. जुन्यात छाती अगदी स्वच्छ. तीन महिन्यांपूर्वी इतकी स्वच्छ छाती असलेल्या माणसाला इतका जुना क्षय असणार नाही, असं त्यांना वाटलं. म्हणून न्यूमोनिया धरून पंधरा दिवस त्याचीच औषधं दिली. मग थुंकी तपासली तेव्हा कळलं.

"डॉक्टर बोलता था, ऐसा कभी देखा नहीं," फिटर म्हणाला.

दादा बाकावर बसून आमच्याकडं बघत होता. मी फिटरला धन्यवाद म्हणालो. खोलीतल्या बाकीच्या सहा जणांचं काय, हे मला तेव्हा सुचलं नाही. फिटरचा पत्ताही मी घेतला नाही.

दादाला अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात ठेवलं. त्यानं आण पाळली. पोचल्याच्या दुसऱ्या दिवसापासून इंजेक्शन सुरू झालं आणि एकही चुकू दिलं नाही. मी दर रविवारी जायचो. दोन्ही फुप्फुसांत पोकळ्या झाल्या आहेत, फार उशीर झाला, असं डॉक्टरांनी मला व्हरांड्यात सांगितलं. सोलापूरची चिठ्ठी मी त्यांना दाखवली नाही. घरच्या सगळ्यांची तपासणी झाली. वहिनी ठीक होती. मुलीच्या मानेत गाठ निघाली. तिला औषध लागू पडलं आणि ती बरी झाली. माझाही फोटो काढला. काही नव्हतं.

एका रविवारी मी त्याला म्हणालो, "दादा, मी नाही म्हणायला पाहिजे होतं."

त्यानं चादर छातीवर ओढली. मग म्हणाला, "म्या ऐकलं नसतं. दुसरा कुणी बघितला असता." थोड्या वेळानं म्हणाला, "संत्री कशाला आणलीस? आंबट हायेत." मी त्यातलं एक सोलून स्वतः खाल्लं. खरंच आंबट होतं.

परत आल्यापासून पाचव्या महिन्यात तो गेला. मी तेव्हा शाळेत होतो. तिसरीच्या वर्गाकडून पाढे म्हणून घेत होतो. निरोप आला तेव्हा मी पाढा पूर्ण करून घेतला, मुलांना सुट्टी दिली, वर्गाला कुलूप लावलं. मला रडू आलं नाही. दवाखान्यातून आणताना नाही आणि मातीच्या वेळीही नाही. भिक्खूंनी वंदना घेतली, ती मी सगळ्यांबरोबर नीट म्हटली. माय मला म्हणाली, "रड रं बाबा." मी प्रयत्न केला.

लोक म्हणायचे, तिकडची हवा बाधली. वहिनीही तेच म्हणायची. वर्षभर मी ते ऐकून घेतलं. एका दुपारी मी घरी गेलो तेव्हा ती ओसरीवर तूर निवडत बसली होती. माय झोपली होती. मी सुपाच्या दुसऱ्या बाजूला बसलो आणि सगळं सांगितलं. सोलापूरचा डॉक्टर, मिशी, दवाखान्याचा दुसरा मजला, जुनी फिल्म, पंधरा दिवसांचं चुकीचं औषध. मी वर्गात सांगतो तसं क्रमानं सांगितलं.

ती निवडत होती ती निवडतच राहिली. माझं संपल्यावर तिनं एकच विचारलं.

"भावजी, तुमी आपणहून म्हणलात, का त्यांनी मागितलं?"

"त्यानं मागितलं."

"आन् मला का न्हाय सांगितलं?"

खडे वेगळे काढून तिनं अंगणात टाकले. "म्या पोरीला त्यांच्यापाशी झोपू दिलं नसतं," ती म्हणाली. "आन् त्यांना जाऊ दिलं नसतं. पायात आडवी पडले असते." आवाज चढवला नाही. सूप उचलून आत गेली. मी थोडा वेळ बसलो आणि साडेचारची गाडी धरली.

पुढच्या महिन्यात ती मुलीला घेऊन भूमजवळ माहेरी गेली. तिच्या भावानं तिला गावातल्या सहकारी दूध डेअरीत कामाला लावलं. सकाळ-संध्याकाळ लोक दूध घेऊन यायचे, त्याचं फॅट बघायचं काम. दोन वर्षं तिनं मला पत्र पाठवलं नाही आणि मी गेलो नाही. मग मुलीला पहिलीत घालायचं होतं, तेव्हा तिचं कार्ड आलं. दुसऱ्याच्या अक्षरात होतं. शाळेत नाव घालायला तुम्ही या, बाकीच्यांना कागदातलं कळत नाही.

मी गेलो. हेडमास्तरांनी जन्मतारीख विचारली. वहिनी म्हणाली, "ती थंडीत झाली. भावजींना ठाऊक हाय." मला ठाऊक होती. तारीख, महिना, साल मी सांगितलं आणि हेडमास्तरांनी तसंच लिहिलं. वडिलांच्या नावापुढं 'मयत' लिहायचं ते वहिनीनं सांगितलं. मग डेअरीची वेळ झाली म्हणून ती निघाली आणि जाताना म्हणाली, "जेवून जावा. भाकरी झाकून ठिवलीया." मुलगी माझ्याबरोबर घरी आली. तिनं मला ताट वाढलं, पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरून आणला, आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिली. मी सगळी भाकरी खाल्ली.